मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय: बघण्यासारखं, शिकण्यासारखंही
नागपुरातल्या कडबी चौकाजवळचं हे रेल्वे संग्रहालय 2002 साली सुरू झालं. नॅरोगेजच्या, म्हणजे 762 मिलिमीटर अंतराच्या अरुंद रुळांवरची इंजिनं अगदी जवळून बघता येतात. पोरंसोरं टॉय ट्रेनवर खूश. उन्हाळ्यात सकाळीच जा, दुपारी लोखंडाचा चटका बसतो. तिकिटाचे पैसे वसूल!

2019 मध्ये नागपूर–नागभीड छोटी लाइन (नॅरोगेजच) बंद झाली. तिथल्या उरल्यासुरल्या जुन्या स्टेशनांचं असंच संग्रहालय करायचं असेल, तर आधी गिलावा सांभाळा. चुन्याच्या भिंतीवर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते, खार फुटतो, विटांचा भुगा होतो. त्याऐवजी एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, वरून ओलं गोणपाट. मे महिन्यात मात्र हे काम काढूच नका. चुना घट्ट व्हायच्या आतच वाळतो आणि तडकतो.