फायव्हरवरची पहिली कमाई: पुण्यातल्या अक्षरजुळणीकाराने केलेली पारख

अप्पा बळवंत चौकाच्या आसपास, नारायण आणि शनिवार पेठेतल्या लहान खोल्यांमधून मराठी अक्षरजुळणी करणाऱ्यांना कामाची ददात सहसा नसते. ददात असते ती वेळेवर हातात पडणाऱ्या पैशांची. दिवाळी अंकाची पाने गणपतीच्या आधी येऊ लागतात, दुरुस्त्या नवरात्र संपेपर्यंत चालतात आणि तुळशीचे लग्न उलटले तरी बिल ‘पुढच्या आठवड्यात बघू’ या उत्तरावर अडकलेले असते. फायव्हर या कामे ऑनलाइन विकण्याच्या परदेशी सेवेची पारख मी मुख्यतः याच अंगाने केली. मराठी टंकलेखन आणि थोडेफार संगणकाचे ज्ञान एवढ्या भांडवलावर घरबसल्या पहिले चार पैसे मिळवू पाहणाऱ्याला ही जागा कितपत उपयोगी आहे, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

फायव्हर 2010 मध्ये इस्राएलमध्ये सुरू झाले. आरंभी तेथे प्रत्येक काम पाच डॉलरला मिळत असे आणि नावही त्यावरूनच आले; आता किंमत विक्रेता स्वतः ठरवतो. खाते उघडण्यास पैसे लागत नाहीत. आपण काय करून देऊ, किती दिवसांत आणि कितीला, हे सांगणारे एक पान तयार करावे लागते आणि त्याला तेथे ‘गिग’ म्हणतात. ग्राहक ऑर्डर देतो तेव्हाच पूर्ण रक्कम भरतो आणि ती काम संपेपर्यंत फायव्हरकडे राहते. नवख्या माणसाच्या दृष्टीने या सेवेचा खरा गुण हाच आहे, असे माझे मत आहे. ओळखपाळख नसलेल्या माणसाकडून, दहा फोन न करता, ठरलेली रक्कम ठरलेल्या क्रमाने मिळते, ही गोष्ट पेठेतल्या व्यवहारात वाढलेल्या माणसाला बराच काळ खरी वाटत नाही.

अर्थात या शाश्वतीची किंमत चांगलीच आहे. प्रत्येक ऑर्डरमधून 20 टक्के कमिशन कापले जाते आणि ग्राहकाने खूश होऊन वर बक्षिसी दिली, तर तिच्यातूनही तेवढाच वाटा जातो. 50 डॉलरच्या कामाचे 40 डॉलर उरतात. डॉलरचा भाव 85 रुपये धरला, तर 3,400 रुपये, आणि त्यातूनही रूपांतराचे शुल्क जायचे असते. ग्राहकाकडूनही 5.5 टक्के सेवाशुल्क घेतले जाते, लहान ऑर्डरवर त्यात आणखी भर पडते. म्हणून पाच-दहा डॉलरची गिग ठेवणे दोन्ही बाजूंना तोट्याचे ठरते. पैसे मिळण्याचा क्रमही नीट समजून घ्यावा. आपण 1 तारखेला काम सुपूर्द केले आणि ग्राहकाने काहीच कळवले नाही, तर 3 दिवसांनी ऑर्डर आपोआप पूर्ण झाल्याचे धरले जाते. त्यानंतर नव्या विक्रेत्याची रक्कम 14 दिवस अडकून राहते, म्हणजे ती 18 तारखेच्या सुमारास काढता येते. घरभाड्याची तारीख या पैशांच्या भरवशावर ठरवू नये. तरीही तुळशीच्या लग्नापेक्षा 18 तारीख कधीही बरी, आणि ती आधी माहीत असते.

कोणते काम विकायला ठेवावे, हा मुद्दा मात्र सविस्तर सांगितला पाहिजे. ‘मराठी टायपिंग’ किंवा ‘इंग्रजीतून मराठी भाषांतर’ एवढेच लिहिलेल्या गिगची तेथे रीघ लागलेली आहे आणि एकमेकांपेक्षा भाव पाडण्याखेरीज त्यांच्यात फरक करायला जागा उरत नाही. पुण्यातल्या जुन्या अक्षरजुळणीकाराकडे याहून दुर्मिळ कौशल्य असते. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेची आयएसएम या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरच्या आधारे वर्षानुवर्षे पेजमेकर या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी पुस्तके जुळवली गेली. त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असल्याने, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर निरर्थक चिन्हांच्या रांगेसारखा दिसतो. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांकडे अशा फायली असतात: आजोबांच्या आठवणी, मंडळाची स्मरणिका, घराण्याचा कुलवृत्तांत. त्यांना त्या युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येईल अशा प्रमाण लिपिसंकेतात, हव्या असतात, आणि या कामासाठी शोध घेणाऱ्याला पर्याय थोडे सापडतात.

कुलवृत्तांताचे उदाहरण घेतो, कारण या कामातले कसब त्यात नेमके दिसते. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर काही क्षणांत शेकडो पाने पालटून देते, आणि ती पाने वरवर निर्दोष वाटतात. मग लक्षात येते की ‘कऱ्हाड’चे सर्वत्र ‘कर्हाड’ झाले आहे आणि मूळ गावाच्या वर्णनातल्या ‘दऱ्या’ एकाएकी ‘दर्या’ होऊन सह्याद्रीच्या पोटात समुद्र शिरला आहे. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, रफार एक घर सरकतो, आणि वंशावळीतले पिढ्यांचे आकडे कुठे देवनागरी, कुठे इंग्रजी राहतात. आडनावात चूक राहिली, तर ती शोधायला सगळे भाऊबंद टपलेलेच असतात! म्हणून गिगच्या वर्णनात ‘रूपांतर’ आणि ‘मुद्रितशोधन’ ही दोन स्वतंत्र कामे दाखवावीत, त्यांचे भाव वेगळे ठेवावेत आणि नमुना म्हणून एका पानाचे आधीचे व नंतरचे चित्र लावावे. नमुन्याचे पान स्वतःच्या मजकुराचे असावे. ग्राहकाच्या घराण्याची माहिती परवानगीशिवाय तेथे टांगणे शोभत नाही.

उणिवाही आहेत. नवे खाते शोधात फार मागे पडते आणि पहिला अभिप्राय मिळेपर्यंत शांतता असते. ती किती काळ टिकेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. ग्राहकाने आवश्यक माहिती भरली की मुदतीचे घड्याळ सुरू होते, त्यामुळे वर्णनात दिवस हात राखूनच लिहावेत. वीज गेली, घरी पाहुणे आले, या सबबी तेथे चालत नाहीत. पत्रव्यवहार बहुतांशी इंग्रजीत होतो, तथापि त्यासाठी अलंकारिक इंग्रजीची गरज नाही. साधी, मुद्द्याची वाक्ये पुरतात.

नव्या विक्रेत्याने संदेशपेटीतल्या गोड बोलण्यापासून जपावे. अशा बाजारांत नवी खाती हेरून ‘टेलिग्रामवर या, मोठे टायपिंगचे काम आहे’ असे सांगणारे आणि मग अनामत किंवा नोंदणी शुल्क मागणारे असतातच. व्हिडिओला पसंती देण्याचे पैसे देऊन पुढे हजारो रुपये उकळणारी ‘टास्क’ची फसवणूक याच कुळातली. काम देणारा काम करणाऱ्याकडून पैसे मागत असेल, तर बोलणे तेथेच थांबवावे. पैसे गेलेच असतील, तर सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या सरकारी क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी.

बँकेत पैसे आणण्यासाठी पेओनियर किंवा पेपालसारख्या सेवेचे खाते आणि पॅन लागतो, आणि परदेशातून आलेल्या रकमेचा हेतू दर्शवणारा कोड निवडावा लागतो. तो नीट निवडावा आणि प्रत्येक रकमेची पावती उतरवून ठेवावी. ही कमाई व्यवसायाचे उत्पन्न म्हणून विवरणपत्रात दाखवायची असते. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत जीएसटीच्या नोंदणीची सक्ती नाही.

एक अडचण यश मिळाल्यावर येते. समाधानी ग्राहक दुसरे काम घेऊन परततो आणि ‘थेट पाठवले तर चालेल का’ असे विचारतो. फायव्हरच्या नियमांनुसार तेथे भेटलेल्या ग्राहकाशी बाहेर व्यवहार करता येत नाही आणि तसे केल्यास खाते बंद होऊ शकते. म्हणजे ओळख पक्की झाल्यावरही 20 टक्के चालूच राहतात. मला ही अट जाचक वाटते, पण उधारीवर काम करण्याच्या तुलनेत ती मान्य करण्याजोगी आहे. परतलेल्या ग्राहकाला स्वतंत्र ‘कस्टम ऑफर’, म्हणजे केवळ त्याच्या कामापुरता प्रस्ताव, पाठवता येते. तिच्यात पानांची संख्या, मुद्रितशोधनाच्या फेऱ्या आणि कमिशन हिशेबात धरून ठरवलेला नवा भाव मोकळेपणाने लिहावा. पहिल्या कामातली ‘कऱ्हाड’ची दुरुस्ती ज्याने पाहिली आहे, तो ग्राहक त्या भावावर सहसा घासाघीस करीत नाही.