ओपनएसएसएच : टिल्डमागच्या आज्ञा
नेटवर्क तुटून दूरच्या सर्व्हरवरचे सत्र गोठले, की मी अनेक वर्षे टर्मिनलच, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकीच, बंद करत असे. मात्र एंटर दाबून टिल्ड (~) आणि त्यापाठोपाठ टिंब दिल्यास ओपनएसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करून देणारे सॉफ्टवेअर, ते सत्र तत्काळ तोडते, हे कळल्यापासून १९९९ साली आलेल्या या सॉफ्टवेअरबद्दलचा माझा आदर दुणावला आहे. टिल्डनंतर प्रश्नचिन्ह दिले, की अशा आज्ञांची यादीच समोर येते. एका सत्रातून दुसरे सत्र उघडले असेल, तर टिल्ड दोनदा दिल्यास आज्ञा आतल्या सत्राला लागू होते, आणि ही बारीक सोय मला सर्वांत मोलाची वाटते. चालू सत्रात पोर्ट फॉरवर्डिंग (एका पोर्टवरची वाहतूक याच जोडणीतून दुसरीकडे वळवणे) जोडणारी टिल्ड आणि मोठ्या सी (C) अक्षराची आज्ञा ९.२ या आवृत्तीपासून बंद ठेवलेली असून ती सेटिंगमधून सुरू करावी लागते. अधिक कडक सँडबॉक्ससाठी, म्हणजे प्रोग्रामला मर्यादित परवानग्यांतच चालू देणाऱ्या कुंपणासाठी, घेतलेला हा निर्णय मला पटतो.