विद्यापीठात जायची सॅक: डोंबिवली ते कलिना, एका पावसाळ्यानंतर

मुंबई विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश पक्का झाला तेव्हा दादरला जाऊन ही सॅक घेतली. 30 लिटरची, पॉलिएस्टरची, लॅपटॉपचा वेगळा कप्पा आणि तळाच्या खिशात रेनकव्हर. दीड हजाराच्या आत मिळाली. आख्खा पावसाळा, पहिली सेमिस्टर आणि परीक्षा तिने काढली आहे, आता दुसरी सेमिस्टर चालू आहे. ब्रँडचं नाव लिहीत नाही. या किमतीतल्या बऱ्याच सॅक अशाच शिवलेल्या असतात, आणि रोज लोकलने विद्यापीठात जाणाऱ्यांना ब्रँडपेक्षा बाकीच्या गोष्टी जास्त उपयोगी पडतील असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट जाडी. दुकानात सगळे लिटर सांगतात, जाडी कोणी सांगत नाही. पण सकाळच्या फास्टला सॅक पाठीवर ठेवून चढताच येत नाही, पुढेच घ्यावी लागते. मग ती पोटासमोर किती फुगते त्यावर आत शिरायला मिळणार की दारातच अडकणार हे ठरतं. माझी सॅक भरली की चांगलीच फुगते, आणि हा तिचा सगळ्यात मोठा दोष. पहिल्याच आठवड्यात पुढे उभ्या असलेल्या मावशी वळून म्हणाल्या, "बाळा, तो डबा आत घाल गं, पाठीत रुततोय." तेव्हापासून बाहेरच्या खिशात फक्त पास, आयकार्ड आणि रुमाल. डबा आत, तळाशी. उंच, गोल डब्याऐवजी चपटा डबा घेतला तर फारच फरक पडतो. एक मात्र चांगलं: लॅपटॉपचा कप्पा पाठीकडच्या बाजूला आहे, त्यामुळे सॅक पुढे घेतली की लॅपटॉप आपल्या अंगाला लागून राहतो आणि गर्दीचा दाब आधी वह्यांवर येतो.

दुसरी गोष्ट वरचा हँडल. लेडीज डब्यात "ताई, जरा वर ठेवता का?" म्हटलं की सॅक तीन-चार हातांतून रॅकवर जाते, आणि घाटकोपर आलं की तशीच खाली येते. प्रत्येक जण ती त्या हँडललाच धरून ओढते. माझ्या सॅकचा हँडल जाड आहे, त्यावर चौकोनात फुली मारलेली दुहेरी शिलाई आहे. अजून एक टाका सुटलेला नाही. पट्ट्यांचं तसं नाही. उजवा पट्टा तळाशी जिथे सॅकला जोडलाय तिथे एकच सरळ शिलाई होती, ती दिवाळीनंतर उसवली.

पावसाचं जरा सविस्तर लिहिते. कुर्ला पश्चिमेला उतरून बस किंवा शेअर रिक्षाने सीएसटी रोडवरून कलिन्याला जायचं. मिठी नदी याच भागातून वाहते. 26 जुलै 2005 ला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला तो शेजारच्या सांताक्रूझच्या वेधशाळेत. तेवढा पाऊस रोज पडत नाही, पण जुलैतल्या साध्या सरीतही रिक्षात बाजूने पाणी येतंच, आणि गेटपासून विभागापर्यंतची चाल काही थोडी नाही. विद्यानगरीचा, म्हणजे विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसचा, परिसर 200 एकरांहून मोठा आहे. रेनकव्हर सॅक पाठीवर असेल तर काम करतं. पुढे घेतली की ते सरकतं, आणि छत्रीचं पाणी ओघळून थेट चेनवर येतं. कापड तसं लगेच झिरपत नाही, पाणी आत जातं ते चेनमधून आणि शिलाईतून. म्हणून झेरॉक्सच्या नोट्स आणि लायब्ररीची पुस्तकं मी प्लास्टिकच्या चेनवाल्या फोल्डरमध्येच ठेवते. लायब्ररीच्या पुस्तकाला पाणी लागू देऊ नका, कळकळीने सांगते. आपल्यानंतर ते कुणालातरी लागणार असतं. पाठीकडचा फोम मात्र ओला झाला की दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास मारतो. रात्री सॅक पूर्ण रिकामी करून पंख्याखाली उलटी टांगायची, हाच उपाय.

वाचनालयांत बहुतेक ठिकाणी सॅक बाहेर ठेवून आत जावं लागतं. अशा वेळी लॅपटॉप, चार्जर, पाकीट, वही हातात घेऊन फिरणं नको होतं. सॅकमध्येच एक घडीची कापडी पिशवी ठेवली की प्रश्न मिटतो. फोर्टला राजाबाई टॉवरच्या लायब्ररीत गेले तेव्हाही तीच पिशवी कामी आली. (एकदा तरी तिथे जाऊन बसाच. रंगीत काचांतून येणाऱ्या उजेडात वाचायला मिळणं हे आपल्या विद्यापीठाचं खरं वैभव आहे.) परीक्षेच्या दिवशी तर हॉलबाहेर काळ्या सॅकचा ढीगच लागतो. हँडलला लाल रिबन बांधली आहे, पेपर संपला की लगेच सापडते.

चेन हा या सॅकचा कच्चा भाग. मुख्य चेनचा रनर सैल झाला, पुढे जायचा पण मागे दात उघडेच राहायचे. आमच्या स्टेशनबाहेर चेन दुरुस्त करणारे काका बसतात. त्यांनी रनरच्या दोन्ही कडा पक्कडीने हलकेच दाबल्या, दातांवरून मेणबत्ती फिरवली, चेन चार-पाच वेळा पुढे-मागे केली आणि म्हणाले, "जास्त भरू नका, चेन ओढून लावायची वेळ आली की समजा सामान जास्त झालं." उसवलेला पट्टाही त्यांनीच जाड दोऱ्याने शिवून दिला. दोन्ही कामं शंभराच्या आत झाली आणि तेव्हापासून काही तक्रार नाही.

वजनाचं म्हणाल तर लॅपटॉप, लिटरभर पाणी, डबा, छत्री, दोन पुस्तकं एवढ्यातच चार-पाच किलो सहज होतात. कॅम्पसवर पाणी भरून घेता येतं, म्हणून मी घरून अर्धीच बाटली नेते.

पुन्हा घ्यायची झाली तर 30 ऐवजी 20-22 लिटरची, चपटी घेईन. दुकानात जाताना आपला डबा आणि एक जाड पुस्तक सोबत न्या, दोन्ही सॅकमध्ये भरा, सॅक पुढे अडकवून आरशात बाजूने बघा. पट्टे तळाशी कसे शिवलेत ते उलटून तपासा. तिथे फुलीची शिलाई नसेल तर घ्यायच्या दिवशीच बाहेरून मारून घ्या.