०-३२ ब्रिक्सचा हँड रिफ्रॅक्टोमीटर: बागेत कामाचा, टाकीपाशी नाही

नाशिक-दिंडोरी भागात जानेवारी ते मार्च वाइनच्या द्राक्षांची काढणी चालते. तोडणीचा दिवस ठरवायला छोट्या बागाईतदाराकडे असायलाच हवा तो हा हजार-दोन हजारांत मिळणारा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातून प्रकाश किती वळतो त्यावरून साखर दाखवणारं यंत्र. सेल लागत नाही, खिशात मावतो, ०.२ ब्रिक्सपर्यंत वाचता येतं (१ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम रसात साधारण १ ग्रॅम साखर). घेताना पट्टी ०-३२ चीच आहे ना ते बघा. मधासाठीचा ५८-९० वाला दिसायला अगदी तसाच असतो, पण द्राक्षाच्या रसाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

वापरण्याआधी रोज शून्य तपासा. प्रिझमवर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब टाका, झाकण बुडबुडा न राहता टेकवा, अर्धा मिनिट थांबा. निळ्या-पांढऱ्याची रेघ शून्यावर नसेल तर वरचा स्क्रू किंचित फिरवा. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते नको. एटीसीची, म्हणजे तापमानानुसार आकडा आपोआप सुधारण्याची सोय १० ते ३० अंशांपुरतीच. ट्रॅक्टरच्या बोनेटवर तापलेल्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका.

आकडा फसतो तो बहुधा नमुन्यामुळे. समोरच्या घडाचा एक पिवळा मणी पिळायचा, २३ दिसले की मजुरांना फोन लावायचा, आणि क्रेट वायनरीत पोचल्यावर रस निघतो २०.५ चा! उन्हाच्या बाजूचे मणी पुढे असतात, घडाच्या शेंड्याचे मागे. म्हणून एका प्लॉटमधून निदान १०० मणी घ्या: ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या खांद्याचे, मधले आणि शेंड्याचे. कडेच्या ओळी सोडा. दव वाळल्यावर, दर वेळी साधारण त्याच सुमाराला घ्या. सगळे पिशवीत चुरडून, गाळून, ढवळून मगच थेंब टाका. सोव्हिन्यों ब्लां जातीला २१-२२, शिराझ जातीला २३-२४ हा ढोबळ अंदाज. २२ ब्रिक्स म्हणजे साधारण १२ टक्के अल्कोहोल. आम्लता मात्र यात कळत नाही. फेब्रुवारीच्या उन्हात ती झपाट्याने उतरते, त्यामुळे सोबत पीएच मीटर हवाच.

बांधणी बेताची. झाकण प्लॅस्टिकचं, लगेच चरे पडतात. नळाखाली धुतलं की पाणी आत शिरतं आणि रेघ कायमची धूसर होते. ओल्या मऊ फडक्याने पुसा, तेवढं पुरे. चिकट रस वाळू देऊ नका.

रस आंबायला लागला की हा बाजूला ठेवायचा. अल्कोहोलमुळे प्रकाश जास्त वळतो. २२ वर सुरू झालेली वाइन पूर्ण कोरडी झाली, म्हणजे साखर संपली, तरी हा सात-आठ दाखवत राहतो, आणि नवखा माणूस किण्वन अडकलं म्हणून घाबरतो. तिथे काचेचा हायड्रोमीटर लागतो; तो द्रवात किती वर तरंगतो त्यावरून साखर कळते. नमुना आधी दोन भांड्यांत वरखाली ओतून त्यातला गॅस काढा, नाहीतर बुडबुडे चिकटून हायड्रोमीटर वर उचलला जातो आणि साखर आहे त्यापेक्षा जास्त दिसते.