मालवणच्या पावसात ऐकलेले दोन अल्बम

सध्या घरात 'शिवकल्याण राजा' लागतो. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली आलेला हा अल्बम. हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत आणि लताबाईंचा आवाज. माझ्या मते याचा प्राण 'सरणार कधी रण'मध्ये आहे. कुसुमाग्रजांचे शब्द आणि घायाळ बाजीप्रभूंची ती तगमग. बाई आवाज चढवतच नाहीत. इतकं दुःख इतक्या आवरून गाणं फार थोड्यांना जमतं. त्यापुढे कवी भूषणाचं 'इंद्र जिमि जंभ पर' नुसतं दौडत येतं. आम्हां मालवणकरांना सिंधुदुर्ग रोज समोर दिसतो, त्यामुळे ही गाणी जरा जास्तच आपली वाटतात. एक विनंती: मोबाईलवर गाणी उलटसुलट क्रमाने लावू नका. बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या निवेदनाने एका गाण्यातून पुढच्यात नेलं जातं, तो धागा तुटतो.

दुसरा 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७चा. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मिरी मेंढपाळाचा एक दिवस, अहिरभैरव रागातल्या पहाटेपासून सुरू होणारा. शर्मा आणि चौरसिया दोघेही १९३८चे, म्हणजे तेव्हा तिशीच्या आतले, आणि तरी एकमेकांना केवढी जागा देतात! काब्रांची गिटार तर गळ्यासारखी गाते. मात्र पत्र्यावर पाऊस कोसळत असताना संतूरचे बारीक झंकार हरवतात. हेडफोन घ्या, किंवा जरा उघडीप मिळू दे, मग लावा.