ट्रेखालची फट झाकायची घाई मिस्त्रीला का असते?

पायांवर उचललेल्या शॉवर ट्रेखाली (अंघोळीला उभं राहायचा उथळ ट्रे) साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटरची फट राहते. ट्रॅप, म्हणजे जाळीखालचा पाणी अडवून वास रोखणारा भाग, बसवायला आणि पाइपला उतार द्यायला ती लागतेच. ती फट झाकणारी पुढची पट्टी हे सगळ्यात सोपं काम आणि गंडवायला सगळ्यात सोयीचं. पट्टी एकदा चिकटली की आत कोण डोकावतंय?

बोलणी होतात 'वॉटरप्रूफ बोर्ड'ची, म्हणजे पीव्हीसी फोम बोर्डाची, बसतो मात्र पांढरं लॅमिनेट चढवलेला एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला बोर्ड. समोरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक कळतो तो कापलेल्या कडेला. पीव्हीसी फोम बोर्ड आरपार पांढरा असतो. एमडीएफची कड तपकिरी, नखाने खरवडली की भुसा निघतो. म्हणून तर कडेला आधीच रंग किंवा सिलिकॉन फासून बोर्ड आणतात. तसं दिसलं तर तिथेच काम थांबवा. उरलेला तुकडा मागून घ्या आणि रात्रभर बादलीत बुडवून ठेवा. सकाळी एमडीएफची कड फुगलेली असेल, फोम बोर्ड होता तसाच.

पण बोर्ड बदलता येतो. खरी लबाडी त्याच्या आड असते. ट्रेच्या किटमध्ये मधला पाय असेल तर नेमका तोच गायब होतो, कारण त्याची उंची जुळवायला आडवं पडून हात घालावा लागतो. पायांची उंची पक्की करणारे लॉकनट नुसते हाताने फिरवून सोडतात. मग माणूस उभा राहिला की ट्रे मध्ये किंचित दबतो आणि भिंतीलगतचा सिलिकॉनचा सांधा दर अंघोळीला ताणला जातो. शेवटी तो सुटतो, पाणी मागून खाली उतरतं आणि 'सिलिकॉन जुनं झालं' म्हणून पुन्हा बिल येतं. सिलिकॉन बिचारं निर्दोष असतं! काही जण पायाऐवजी विटेचा तुकडा सरकवून वर स्प्रे फोम मारतात. फोम फुगताना ट्रे उचलला जातो आणि जाळीकडचा उतार बिघडतो.

पट्टी लावण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून फटीतून फोटो काढा आणि पाय मोजा. 40 मिलिमीटरच्या पाइपला मीटरमागे सुमारे दोन सेंटिमीटर उतार हवा. पाइप मध्येच झोळासारखा लोंबत असेल तर तिथे साबणाचा गाळ साचणारच. ट्रॅपच्या प्रत्येक नटाखाली कोरडा टिश्यू पेपर ठेवा. जाळी बंद करून ट्रेमध्ये तीन-चार सेंटिमीटर पाणी भरा आणि एकदम सोडा. नुसता शॉवर चालवून भागत नाही, कारण भरलेल्या ट्रेतलं पाणी जोराने जातं आणि ढिला नट तेव्हाच टिपकतो. पेपरवर थेंबाएवढा डाग दिसला तरी नट उघडून आतलं वॉशर तिरकं बसलंय का ते पाहायला लावा. वरून सिलिकॉन फासून दिलं तर ती दुरुस्ती नव्हे.

'विटा रचून वर टाइल लावतो, कायमचं काम' असं कुणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. काही ट्रॅपची वाटी वरून निघते, केस काढता येतात. पण खालच्या नटापर्यंत हात पोचायला टाइल फोडावी लागते. टाइलच हवी असेल तर ती फोम बोर्डावर चिकटवून बोर्ड चुंबकावर बसवतात. साधी पट्टी पायांवरच्या क्लिपांत अडकते.

पट्टी जमिनीपासून तीन मिलिमीटर वर ठेवून त्या सांध्यात सिलिकॉनची बारीक रेघ ओढतात, म्हणजे ब्लेडने कापून पट्टी काढता येते. त्या रेघेत, ज्या टोकाला पाणी उडत नाही तिथे, दोन बोटं जागा मोकळी सोडायला सांगा. आत गळती झाली तर पाणी तिथून बाहेर येतं आणि लगेच दिसतं. सगळीकडून बंद केलेल्या पट्टीमागे ते साचतं आणि खालच्या मजल्याच्या छतावर डाग पडल्यावरच कळतं.

शेवटचा हप्ता देण्याआधी मिस्त्रीला पट्टी तुमच्यासमोर काढून परत लावायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. तो टाळाटाळ करत असेल तर पैसे हातातच ठेवा.