स्लाइम रँचर: पीक उड्या मारतं तिथली शेती

शेतीचा गेम म्हटलं की डोळ्यासमोर तेच ते येतं, जमीन खणा, बी टाका, पाणी घाला, झोपा, उठून परत पाणी घाला. स्लाइम रँचरमध्ये यातलं जवळजवळ काहीच नाही आणि तरीही तो शेतीचाच गेम आहे, फक्त इथलं पीक उड्या मारतं, हसतं आणि दुर्लक्ष केलं तर कुंपणावरून पळून जातं. गोष्ट साधी आहे. बिॲट्रिक्स लेबो नावाची मुलगी पृथ्वीपासून हजार प्रकाशवर्षं लांब, फार फार रेंज नावाच्या जागी येते, तिथे तिला एक जुनं रँच म्हणजे प्राणी पाळायची शेती मिळते, हातात थोडे न्यूबक्स म्हणजे तिथले पैसे, आणि एक भलामोठा व्हॅक्यूम. आजूबाजूला स्लाइम म्हणजे जेलीचे गोळे टुणटुण उड्या मारत फिरत असतात, ते ओढून आणायचे, कोंडायचे, खाऊ घालायचं आणि खाऊन झाल्यावर ते जे टाकतात ते विकायचं. हो, टाकतात तेच. त्याला प्लॉर्ट म्हणतात, चकचकीत खड्यासारखं दिसतं, अख्खी इकॉनॉमी त्यावर चालते आणि त्याचा फार खोलात जाऊन विचार न केलेलाच बरा.

मोनोमी पार्क नावाच्या छोट्या स्टुडिओचा हा गेम, जानेवारी २०१६ मध्ये अर्ली ॲक्सेसला म्हणजे अर्धवट असतानाच विक्रीला आला आणि १ ऑगस्ट २०१७ ला पूर्ण झाला. म्हणजे जुनाच आहे. पण निवांत गेम कुठला खेळू असं कोणी विचारलं की माझ्या तोंडात अजून हेच नाव पहिलं येतं, आणि त्याचं कारण ते गोड चेहरे नाहीत. कारण आहे तो व्हॅक्यूम, गेममध्ये त्याला व्हॅकपॅक म्हणतात.

एका बटणाने ओढायचं, दुसऱ्याने फेकायचं. बस्स, सगळा गेम एवढ्यावर उभा आहे. स्लाइम पकडायचा तर ओढा, कोंडवाड्यात टाकायचा तर फेका, कोंबडी ओढा, कोंबडी फेका, गाजर हवं तर ओढा, आणि गाजराची बाग लावायची तर तेच गाजर बागेच्या मशीनमध्ये फेका की थोड्या वेळाने वाफा भरतो. विकायला गेलात तरी मेनू उघडून आकडे टाकत बसायचं नाही, बाजाराच्या मशीनसमोर उभं राहायचं आणि प्लॉर्ट धडाधड आत मारायचे, प्रत्येकाला टुंग करून आवाज येतो आणि पैसे वाढत जातात. बाकी शेती गेममध्ये दहा अवजारं बदलत बसावी लागतात, इथे हात एकाच कामाला सरावतो आणि मग डोकं मोकळं राहतं इकडेतिकडे बघायला. निवांतपणा तिथून येतो असं माझं मत आहे.

सुरुवातीला व्हॅकपॅकमध्ये चारच कप्पे असतात, एका कप्प्यात एकाच जातीची वस्तू आणि ती पण फक्त २०. हे कमी वाटतं, पण फिरायला निघालं की त्याची मजा कळते. नवीन स्लाइम दिसला, त्याचं आवडतं फळ पण तिथेच लागलंय, बाजूला कोंबड्या फिरतायत आणि कप्पे भरलेले, मग काय टाकून द्यायचं याचा हिशोब चालू होतो. पुढे पैसे देऊन ही क्षमता वाढवता येते, जेटपॅक पण घेता येतो, पाण्याची टाकी पण. टाकी लवकर घ्या, का ते पुढे सांगतो.

आता स्लाइम. गुलाबी वाले सगळीकडे असतात, काहीही खातात, कशाचंच वेड नाही, आणि म्हणून त्यांचा प्लॉर्ट स्वस्त. रॉक स्लाइम भाज्या खातो, टॅबी म्हणजे मांजराचे कान असलेला स्लाइम कोंबडी खातो आणि डोळा चुकवून खाऊ पळवतो पण, फॉस्फर रात्रीचा निघतो, पंख असतात, चमकतो आणि उन्हात ठेवला तर चक्क विरून जातो, त्याला कोंडवाड्यावर सोलर शील्ड लावून द्यावी लागते. बूम स्लाइम मधूनमधून फुटतो (मरत नाही, फक्त फुटतो, लगेच परत हसायला तयार). पडल हा निळा पाण्यातला, त्याला खायला काहीच लागत नाही, तळं पाहिजे आणि गर्दी नको, जास्त कोंबले तर लाजून प्लॉर्टच देत नाही. मला सगळ्यात आवडतो तो हाच.

प्रत्येकाची एक आवडती गोष्ट ठरलेली असते आणि ती दिली की एकाच्या जागी दोन प्लॉर्ट. रॉकला हार्ट बीट नावाची भाजी, टॅबीला स्टोनी कोंबडी, फॉस्फरला क्यूबेरी हे फळ. त्यामुळे कुठली बाग लावायची आणि कुठल्या कोंबड्या पाळायच्या हे आपोआप ठरत जातं. कोंबड्यांचंही नीट आहे बरं का, खुराड्यात नुसत्या कोंबड्या भरल्या तर पिल्लं होणार नाहीत, कोंबडा लागतोच.

बाजारभाव रोज बदलतात आणि एकच प्लॉर्ट ढिगाने विकलात की त्याचा भाव पडतो, थोडे दिवस सोडून दिला की परत वर चढतो. ही इतकी छोटी गोष्ट आहे पण गेम तिनेच टिकवून धरलाय, नाहीतर लोकांनी एकच महागडा स्लाइम धरून रँचभर तोच भरला असता. इथे चार-पाच जाती ठेवाव्याच लागतात, आज याचा भाव बरा आहे, तो नंतर विकू, सायलोत म्हणजे कोठारात ठेवू, असं करत बसण्यात तास कधी जातो समजत नाही. गेममधला एक दिवस आपल्या साधारण २४ मिनिटांचा असतो, त्यामुळे 'एवढा दिवस संपवतो आणि उठतो' हे वाक्य या गेममध्ये खोटं असतं.

आता धोक्याचं. एका जातीच्या स्लाइमने दुसऱ्या जातीचा प्लॉर्ट खाल्ला की तो फुगून लार्गो होतो, म्हणजे दोन जातींचा एक मोठा स्लाइम, एकदा खाऊ घातलं की दोन्ही जातींचे प्लॉर्ट देतो. म्हणजे तेवढ्याच जागेत आणि तेवढ्याच खाण्यात डबल माल. सगळे लार्गोच का करू नयेत मग? कारण लार्गोने तिसऱ्या जातीचा प्लॉर्ट खाल्ला की टार होतो, काळा, तेलकट, तोंड वासून बाकीच्या स्लाइमना खात सुटणारा आणि खाऊन आपल्यासारखेच आणखी तयार करणारा. तुम्ही लांब कुठल्यातरी गुहेत फळं गोळा करताय आणि इकडे रँचवर शेजारच्या कोंडवाड्यातून एक प्लॉर्ट उडून पलीकडे पडला की परत येईपर्यंत सगळा खेळखंडोबा. टारवर पाणी मारलं की ते नाहीसे होतात, म्हणून म्हटलं टाकी लवकर घ्या. शिवाय उंच भिंती आणि वरून जाळी लावा, आणि वेगवेगळ्या जातींचे लार्गो एकमेकांना खेटून ठेवू नका. या एका नियमामुळे गेमला थोडी धार येते, नाहीतर तो फारच गुळचट झाला असता. ज्यांना तेवढाही ताण नकोय त्यांच्यासाठी कॅज्युअल मोड आहे, त्यात टारची भानगड नाही.

भटकंतीबद्दल थोडं. सुरुवातीचा ड्राय रीफ म्हणजे समुद्रकाठचे खडक, मग जांभळट खाण, दाट हिरवं मॉस ब्लँकेट, जुने अवशेष आणि शेवटी ग्लास डेझर्ट. नकाशावर बाण दाखवून कोणी इथे जा तिथे जा करत नाही हे फार बरं वाटतं. वाटेत गॉर्डो भेटतात, म्हणजे एका जागी बसलेले अवाढव्य स्लाइम, त्यांना पोट फुटेपर्यंत खाऊ घालायचं (अक्षरशः फुटतात) आणि आतून कधी किल्ली मिळते जिने पुढच्या भागाचं दार उघडतं, कधी घरी जायचा टेलिपोर्टर. म्हणजे रँचवर पिकवलेलं घेऊन भटकायचं आणि भटकून आणलेलं रँचवर वाढवायचं, दोन्ही बाजू एकमेकीला पुढे ढकलत राहतात. ग्लास डेझर्ट हा तर सगळा सुकलेला भाग, तिथे खास प्राचीन पाणी नेऊन ठिकठिकाणी हिरवळ परत आणायची असते, आणि मधूनच आगीचं वादळ येतं. समुद्रात पडलात तर जवळचं सगळं गेलं, दुसऱ्या दिवशी रँचवर जाग येते. शिक्षा एवढीच.

गोष्ट सांगायची पद्धत पण शांत आहे. बिॲट्रिक्सच्या आधी हे रँच हॉब्सन ट्विलगर्स नावाच्या माणसाचं होतं, त्याने जागोजागी चिठ्ठ्या सोडल्यात. आणि पृथ्वीवरून केसी नावाच्या जवळच्या माणसाचे मेल येत राहतात. सुरुवातीला ते मेल मी असेच स्किप करणार होतो, पण करू नका, एवढ्या गोड रंगीत गेममध्ये लांब राहिलेल्या दोन माणसांचं असं काही असेल ही अपेक्षा नव्हती. हॅरी मॅकचं म्युझिक पण तसंच, पुढे पुढे करत नाही.

आता न आवडलेलं. एक म्हणजे अर्ध्यानंतर येणारा स्लाइम सायन्सचा भाग, लॅब उघडते, ड्रिल आणि पंप लावून कच्चा माल काढायचा, तो गोळा करायचा, त्यातून गॅजेट बनवायचे. इथे गेम अचानक वाट बघायला लावतो, दुर्मीळ माल यायचा तेव्हा येतो आणि तोपर्यंत तुम्ही फेऱ्या मारत बसा. दुसरं, नंतरच्या अपडेटमध्ये आलेले ड्रोन. सोय म्हणून छान, प्लॉर्ट उचलून बाजारात नेतात, खाऊ देतात, पण सगळी कामं त्यांना देऊन टाकली की रँचवर तुम्ही करायचं काय? ज्या ओढाफेकीत मजा होती तीच दुसरा करतोय आणि तुम्ही फक्त जमा झालेला आकडा बघताय. माझा सल्ला, ड्रोनला फक्त कंटाळवाणा कोपरा द्या, आवडते स्लाइम स्वतः सांभाळा. आणि फर्स्ट पर्सन कॅमेरा म्हणजे सगळं बिॲट्रिक्सच्या डोळ्यांतून दिसत असल्यामुळे जेटपॅकच्या उड्यांनी काहींना गरगरतं, सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे एकावेळी किती रुंद दिसतं ते वाढवून बघा. मित्रासोबत खेळायची सोय नाही, सगळं एकट्याने.

क्रेडिट्स येऊन गेल्यावर फार काही उरत नाही हेही खरं. उरलेले खजिन्याचे डबे शोधायचे, रँच सजवायचं. पैशांची चणचण संपली की गेमचा जीव थोडा जातो, सगळ्यात भारी काळ पहिल्या काही तासांचा, जेव्हा एक भिंत उंच करायची की नवीन वाफा घ्यायचा यावर अडून बसायला होतं. त्यामुळे गाईड वाचून झटपट श्रीमंत व्हायच्या मागे लागू नका राव.

दुसरा भाग २२ सप्टेंबर २०२२ ला अर्ली ॲक्सेसमध्ये आला, रेनबो आयलंडवर घडतो, बिॲट्रिक्सच आहे, दिसायला कितीतरी देखणा. पण त्यात अपग्रेड करायचे तर पैशांसोबत प्लॉर्ट आणि इतर माल पण मोजावा लागतो, मला ते थोडं किचकट वाटलं. पहिला खेळून मग त्याकडे जा. पीसी, एक्सबॉक्स, प्लेस्टेशन ४, स्विच सगळीकडे पहिला मिळतो, पीसी जुना असला तरी साधारण चालून जातो, फक्त रँचवर शेकडो स्लाइम कोंबले की तो धापा टाकायला लागतो, तेव्हा थोडे समुद्रात सोडून द्या.